सगुणाच्या घरातलं टेबल

कल्याणला लेकीचं, रतनचं, बाळंतपण उरकून सगुणा कोपरीला परतली. सैपाकघराच्या दारात पाऊल टाकलं आणि ती तिथंच खिळली. तिची चूल नव्हती. चुलीच्या जागी चकचकीत टेबल, भोवती चार खुर्च्या. कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह.

"माजी चूल कुठं हाय?"

"फोडली," मारुती अभिमानानं म्हणाला. "समोरच्या घरात भाऊकडं रेडिओ आला. आपून काय मागं राहायचं?"

खाडीकाठच्या खाजणातली जमीन कारखान्याला जाऊन हातात पैसा आल्यापासून मारुतीच्या अंगात हे वारं शिरलं होतं. पण तो चुलीवर हात टाकील असं सगुणाला सपनातही वाटलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्याकडून लिंपून घेतलेली चूल ती. सगुणानं बोचकं खाली ठेवलं नाही, पाणी मागितलं नाही. घर आपलंच ना, याची खात्री करायला तिनं एकदा देवळीतला देवही बघून घेतला.

रात्री दोघं टेबलावर जेवली. सगुणाचे पाय जमिनीला पोचेनात. मारुतीच्या कोपरावरून माशाचं कालवण धोतरावर ओघळलं. सकाळी तिनं खाडीकडनं माती आणली आणि मागच्या पडवीत नवी चूल घातली.

पुढं बारशाचं आमंत्रण द्यायला रतनची सासू कलावती आली. तिनं टेबलावरून दोनदा हात फिरवला, वाकून त्याचे पाय बघितले आणि निघताना म्हणाली, "नातवाच्या बारशाला माहेराकडनं काय येतंय बघू."

सगुणाला सगळं उमगलं.

बारशाच्या आदल्या दिवशी मारुती बाजारातून आला तर सैपाकघर मोकळं. शेणानं सारवलेली जमीन तेवढी ओली होती.

"टेबल?"

"बैलगाडीत घालून कल्याणला धाडलं. खुर्च्या बी. रतनचं सासर खूश होईल."

मारुती भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं अजून गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते दाखवलंही नव्हतं. शेवटी तो पाटावर बसला. सगुणानं भाकरी वाढली. चार घास पोटात गेल्यावर त्याचा चेहरा जरा निवळला.

"बरं झालं एका परीनं," तो म्हणाला. "जागा मोकळी झाली. उद्या कपाट येतंय. आरशाचं."

सगुणाच्या हातातली पळी कालवणाच्या टोपात तशीच राहिली.