वहिनीचा आवळलेला लगाम

आमची वहिनी भारी भित्री. दूध उतू जाईल म्हणून गॅस इतका बारीक ठेवायची, की चहा मागणारा माणूस एक डुलकी काढून उठायचा. नोकरी मात्र पाण्याची. धरणाचा दरवाजा उघडला की लाट कशी धावेल, हे ती संगणकावर आधीच बघायची. ती न् भाऊ वर चढावर राहायचे. मी न् म्हातारी आई खाली, नदीकाठच्या भिंतीआड. दोन दिवसांनी धरणाचा नवा दरवाजा पहिल्यांदा उघडणार होते. 'भिंत पुरेल' हा शब्द वहिनीचाच.

दुपारी आईनं दिलेला डबा घेऊन वहिनीच्या कचेरीत गेलो, तर वहिनी पडद्यासमोर पांढरीफटक.

"काय झालं हो?"

"भावजी, आधी हे बघा."

पडद्यावर नदीचे कप्पे पाडलेले. दर क्षणाला या कप्प्यातून शेजारच्यात किती पाणी गेलं, एवढाच हिशोब. त्यासाठी संगणक पाण्याचा उतार बघून अंदाज बांधतो. संथ पाण्यात अंदाज चोख. पण लाट भिंतीसारखी उभी राहिली, की गडी हुरळतो.

तिनं कळ दाबली. लाटेला भलतंच शिंग फुटलं, अन् पायथ्याशी पाणी शून्याच्याही खाली गेलं.

"कोरड्याहून कोरडं? आमच्या विहिरीलासुद्धा हे जमलं नाही!"

वहिनी हसली नाही. "म्हणून या अंदाजाला लगाम असतो. तो दोन्ही बाजूंचे उतार ताडून बघतो. जुळले तर ढील, फारच बिनसले तर आवळायचं."

"मग आवळा की!"

"आवळला होता. भीतीपोटी सगळीकडं, पुरता. तसं केलं की लाटेची धार बोथट होते. पसरून बसकी दिसते. ती बसकी लाट बघून मी भिंत पुरेल म्हटलं."

आता तिनं लगाम लागेल तिथंच आवळला न् लाट पुन्हा सोडली. शिंग नाही, खड्डा नाही. धारदार लाट आली अन् भिंतीवरून सहज पलीकडं उतरली. आमचं घर होतं तिथं नुसतं निळं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कालच आईनं तिथं अंगण सारवलं होतं.

वहिनीनं फोन लावला. "साहेब, माझं चुकलं. दरवाजा उघडू नका." पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. जन्मात कुणाला उलटून न बोललेली वहिनी म्हणाली, "ओरडा साहेब, पण दरवाजा बंद ठेवून ओरडा."

फोन ठेवून ती माझ्याकडं वळली. "तरी आईंना आजच वर घेऊन या."

डबा तिथंच टाकून मी पळालो.