कोरड्या महिन्यांच्या नोंदी

महाविद्यालयात तिला सगळे दशांशबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होते. बावीस वर्षे संख्याशास्त्र शिकवताना तिने एकाही विद्यार्थ्याचे उत्तर 'जवळजवळ बरोबर' म्हणून सोडून दिले नव्हते. आकडे कोणी मोजले, कशाने मोजले, मोजणारा उभा कोठे होता, एवढे विचारल्यावाचून ती साधी सरासरीही काढू देत नसे. सूर्य उगवला असे कोणी सांगितले तर बाई आधी साक्षीदार किती ते विचारतील, अशी मुलांची थट्टा असे.

या दशांशबाईंच्या टेबलावर गेला दीड महिना एक पत्र पडून होते. संख्याशास्त्र आणि संभाव्यता यांना वाहिलेल्या एका नियतकालिकाच्या संपादकांनी ते पाठवले होते. तिचा शोधनिबंध याआधी दोन ठिकाणांहून परत आला होता. या तिसऱ्या ठिकाणाने मात्र दार लावले नव्हते: मोठ्या दुरुस्त्या करून साठ दिवसांत पुन्हा पाठवावा, मग विचार करू. पहिला समीक्षक समाधानी होता. दुसऱ्याने पाच मुद्दे काढले होते, त्यांतल्या चारांची उत्तरे तिने लिहून टाकली होती. पाचवा मुद्दा एका ओळीचा होता: कोरड्या महिन्यांत पाण्याच्या पातळीत रोज पडलेल्या फरकांचा आलेख जोडावा. काम तासाभराचे, म्हणून तिने ते शेवटी ठेवले होते. आता अकरा दिवस उरले होते. पुढच्या महिन्यात पदोन्नतीची समिती बसणार होती आणि समितीला स्वीकृतीचे पत्र हवे होते. शेहेचाळिसाव्या वर्षी ही संधी हुकली, तर पुढची केव्हा याचे गणित तिने मुद्दाम मांडले नव्हते.

निबंधाचे म्हणणे सोपे होते. नदीच्या चढउताराला एक प्रकारची स्मृती असते. आज पाणी चढले तर उद्याही चढण्याची शक्यता जास्त. पूर्वार्धात प्रमेय आणि त्याची सिद्धता होती. उत्तरार्धात उदाहरण म्हणून एका जलमापन ठाण्याच्या एकोणीस वर्षांच्या हस्तलिखित नोंदवह्या होत्या. त्या वह्यांतला प्रत्येक आकडा तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या हातचा होता. अप्पा त्या ठाण्यावर जलमापक होते. रोज सकाळी नदीत उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा वाचून वहीत लिहायचा आणि खाली सही करायची, ही त्यांची नोकरी. एकोणीस वर्षांत एकही दिवस कोरा नाही, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

तिने हे आकडे दोन वेगळ्या माणसांकडून संगणकात भरून घेतले होते, दोन्ही प्रती यंत्रावर ताडून पाहिल्या होत्या, आणि जुळत नसलेल्या एक्केचाळीस नोंदी भिंग लावून मूळ वहीत तपासल्या होत्या. निबंधात तिने लिहिले होते, 'सर्व नोंदी एकाच, अनुभवी व विश्वासार्ह निरीक्षकाच्या आहेत.' निबंधातल्या प्रत्येक विधानाला तिने आधार दिला होता, या एकाला सोडून. उताऱ्याची इतकी छाननी केली, पण मूळ लिहिणाऱ्याला, जो शेजारच्या खोलीत झोपत होता, एक प्रश्न विचारला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या दिवशी सकाळी विभागातल्या संगणकावर तिने आलेख काढला. शून्याच्या दोन्ही बाजूंना उतरत जाणारी टेकडी येईल अशी तिची अपेक्षा होती. टेकडी आलीही. एक, दोन, तीन सेंटीमीटरपर्यंत स्तंभ शहाण्यासारखे लहान होत गेले. चारवर मात्र एक स्तंभ तीनच्याही डोक्यावरून वर गेला होता आणि त्यापुढे काहीच नव्हते. चारच्या पाचशे बारा नोंदी, पाचची एकही नाही, सहाची नाही, दहाची नाही. एकोणीस वर्षांच्या कोरड्या आठ महिन्यांत ती नदी एका दिवसात पाच सेंटीमीटर कधी हललीच नव्हती. तिने तीच आज्ञा पुन्हा दिली. आलेख जसाच्या तसा आला. पाण्याला असे सुरीने कापल्यासारखे थांबता येत नाही.

विभागप्रमुख चहाचा कप घेऊन दारात आले. माणूस मनाने चांगला, फक्त सगळ्या गोष्टी वेळेत संपाव्यात एवढाच त्याचा आग्रह.

"काय बाई, चेहरा असा का? समितीचे कागद मागतायत वरून."

"एक आलेख जोडायचा राहिलाय, सर."

"मग जोडा की. एका आलेखानं काय आभाळ कोसळतंय?" त्यांनी वाकून पडदा पाहिला. समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. तेही याच विषयातले. "हं. एकेका सेंटीमीटरचा स्तंभ कशाला घेताय? तीन-तीनचा गट करा. सगळं गुळगुळीत येईल."

"तीनच्या गटात हा कडा दिसणार नाही."

"तेच म्हणतोय मी. आलेख मागितलाय ना? आलेख द्या. गट केवढा घ्यायचा ते त्यानं कुठं लिहिलंय?"

ते गेल्यावर तिने तीनच्या गटाचा आलेख काढून पाहिला. खरोखरच गुळगुळीत होता. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशा मनाने तिने दोन्ही आलेख जपून ठेवले आणि ती दुपारीच घरी गेली.

स्वयंपाकघरात अप्पा वर्तमानपत्र वाचत होते आणि त्यांची धाकटी बहीण, तिची आत्या, वाटाणे सोलत होती. आत्याला जगात कशाचेच नवल वाटत नसे.

"अप्पा, कोरड्या दिवसांत नदी एका दिवसात पाचनं चढायची का कधी?"

"पाच?" अप्पा हसले. "अगं, वरच्या धरणातून पाणी सोडलं की बारा-पंधरानं चढायची. खालची पायरी दिसेनाशी व्हायची."

"वहीत तसं एकदाही नाहीये."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आले. आत्याने वाटाण्याची शेंग हातात तशीच धरली. "झालं," ती म्हणाली, "बसा आता जबानी द्यायला."

"पाच किंवा जास्त फरक पडला की खुलासापत्रक भरायचं," अप्पा म्हणाले. "तीन प्रतींत. का पडला फरक? आता मी काय सांगणार का पडला? आणि ते हातानं नेऊन द्यायचं विभागीय कार्यालयात. सायकलवर जाऊन-येऊन अख्खा दिवस जायचा. साहेब भेटले नाहीत तर तिथंच मुक्काम. की दुसऱ्या दिवशीची नोंद चुकणार. नोंद चुकली की पुन्हा खुलासा."

"मग?"

"मग काय. नऊनं चढली तर आज चार, उद्या चार, परवा एक. तीन दिवसांत आकडा पट्टीशी जुळायचा. खोटं नाही लिहिलं मी. हप्त्यानं लिहिलं."

"म्हणजे नदी दादाच्या सवडीनं चढायची," आत्या म्हणाली.

तिला हसू आले नाही. आज चढले, म्हणून उद्याही चढते. तिच्या प्रमेयाचे सुरेख उदाहरण एका खुलासापत्रकातून जन्मले होते. ती स्मृती पाण्याची नव्हती. सायकलवरून कार्यालयात जाण्याचा कंटाळा आलेल्या एका माणसाची होती.

"सगळ्याच महिन्यांत असं?"

"छे. पुराचे चार महिने अभियंता साहेब ठाण्यावरच राहायचे. दर तीन तासांनी नोंद, आणि खुलासा माफ. ते आकडे डोळे मिटून घे."

"डोळे मिटूनच घेतले होते, अप्पा. सगळेच."

त्या दिवसापासून अप्पा वर्तमानपत्र बाहेरच्या खोलीत वाचू लागले.

पुढचे चार दिवस तिने फक्त पुराच्या महिन्यांचे आकडे घेऊन सारे गणित नव्याने केले. सलग दोन दिवसांच्या फरकांतला, पूर्वी एक्केचाळीस शतांश आलेला सहसंबंध आता नऊ शतांश आला. प्रमेयाला धक्का लागला नव्हता, पण उदाहरण काठीच्या आधाराने उभे होते. हे पाहून समीक्षक काय म्हणेल, हे तिला समीक्षकाच्या आधी ऐकू येत होते. आणि त्याहून अवघड गोष्ट पुढेच होती. कोरडे महिने का वगळले, हे सांगावे लागणार होते. नियतकालिकाचा नियम असा, की एखादी माहिती तोंडी मिळाली असेल तर सांगणाऱ्याचे नाव द्यायचे आणि त्याची लेखी संमती जोडायची. निरीक्षक लेखिकेचे वडील आहेत, हेही जाहीर करायचे. एकही दिवस कोरा न ठेवलेल्या माणसाचे नाव पहिल्यांदाच छापून येणार, ते या कारणासाठी.

तिचे जेवणातले लक्ष उडाले. वर्गात एकदा तिच्याच फळ्यावरची चूक एका विद्यार्थिनीने दाखवली. मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा तिने उत्तराचा मसुदा केला आणि संमतीच्या कागदासह अप्पांसमोर ठेवला. त्यांना समजावे म्हणून तो परिच्छेद तिने मराठीत लिहून काढला होता. अप्पांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. आत्या मुद्दाम उठून आत गेली.

"'काही निरीक्षकांकडून नोंदींत समायोजन झाल्याचे समजते.'" अप्पांनी वर पाहिले. "काही म्हणजे कोण? ठाण्यावर दुसरं होतं कोण?"

"असंच लिहितात सहसा. मग तुमचं नाव टाळता येईल का, ते विचारून पाहते संपादकांना."

"आमचे साहेबही सहसा असंच लिहायचे." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "खोड ते. लिही, कोरड्या महिन्यांत ठाण्यावर मी एकटा होतो, आणि पाच किंवा जास्त फरक असेल तर तो मी पुढच्या दिवसांवर वाटून लिहीत असे. कारण काय तेही लिही, खुलासापत्रकाचं. उगाच आळशी नको ठरायला."

तिने लिहिले.

"आणि हे बघ, चारचे सगळे आकडे वाईट नव्हेत. कधीकधी खरंच चारनं चढायची."

"कोणत्या दिवशी?"

अप्पा बराच वेळ बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले. एकोणीस वर्षांचे दिवस त्या पेरांवर मावणारे नव्हते.

"ते आता मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "तेही लिही."

त्यांनी सही केली. वहीतल्या हजारो सह्यांसारखीच, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एकेका सेंटीमीटरचा आलेख जोडला, 'विश्वासार्ह' हा शब्द काढला, नात्याची कबुली नेमलेल्या रकान्यात भरली आणि निबंध पाठवला. पडद्यावर 'प्राप्त' एवढेच आले. समितीच्या अर्जात स्वीकृतीपुढे तिने 'विचाराधीन' असे लिहिले. त्यावर विभागप्रमुख एवढेच म्हणाले, "बघा बुवा, तुमची मर्जी."

घरी अप्पा स्वयंपाकघरात येऊन बसले होते.

"गेलं?"

"गेलं."

"परत आलं तर?"

"दुसरीकडे पाठवू."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी मोडली, पण वाचायला घेतले नाही. "ते माझं वाक्य ठेवून?"

"ठेवून," ती म्हणाली. अप्पांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरले.