मॅडमचे दगड

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतली गोष्ट. सगळा परळ बंद होता आणि पोलीस माझ्या बाबांना धरून घेऊन गेले... का, तर दगड साठवले म्हणून! नात म्हणाली, आजी पोस्ट टाक. पण लिहायला बसले तर राग अजून तेवढाच आहे.

बाबा डिलाईल रोडजवळच्या एका ज्यू दफनभूमीत माळी होते. तिथे युरोपातून आलेल्या एका मॅडमनी लहानशी शिळा बसवली होती. त्यांचे आईवडील आणि भाऊ हिटलरच्या छळछावणीत गेले... कबर कुठेच नाही, म्हणून ही शिळा.

फुलं नाहीत, हार नाहीत. येईल तेव्हा एक छोटा दगड ठेवायचा, ही त्यांची रीत. झाडताना तिथला खडासुद्धा हलता कामा नये, अशी बाबांची आम्हा सगळ्यांना ताकीद होती.

हवालदाराला तो दंगलीचा साठा वाटला! गोणीत सगळे दगड भरले, वर स्वतःच रस्त्यावरचा एक भला मोठा धोंडा टाकला आणि बाबांना चौकीत बसवलं. "फेकायला ठेवले होते असं लिहून दे, समज देऊन सोडतो," म्हणे.

बाबांनी सही केली नाही. "मोर्च्यात धरला असतात तर हसत आलो असतो, साहेब. हे मेलेल्या माणसांचे दगड. फेकायचे होते असं कसं लिहू?"

दोन दिवस बसवून ठेवलं... घरी चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमना कळलं, तशा त्या थेट चौकीत आल्या. मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाल्या, "मेरे घर का बस इतनाही बचा है।" चौकीच्या साहेबांनी बाबांना सोडलं आणि मान वर न करता गोणी पायाने पुढे सरकवली. पायाने!

बाबा आणि मॅडमनी एकेक दगड परत ठेवला, मी गोणी धरून उभी होते. शेवटी तो धोंडा उरला. बाबा भिरकावणार, तर मॅडमनी त्यांचा हात धरला. "किसी का तो होगा," म्हणाल्या आणि रांगेत शेवटी ठेवला.

त्याच आठवड्यात आमच्या भागातली पोरं मोर्च्यावरच्या पोलीस गोळीबारात गेली होती. बाबा तिथेच मातीत बसून रडले.

मॅडम, तुमच्या माणसांशेजारी तुम्ही आमच्या पोरांना जागा दिलीत, हे उपकार विसरले नाही. माफी मात्र कुणी मागितली नाही... ना तुमची, ना बाबांची.