पाणी मागणारं जहाज

"समुद्र माझ्या तालुक्यात येत नाही," तहसीलदार म्हणाले. बाहेर आमच्या घोषणा चालू होत्या. मागण्यांचं पत्रक मीच लिहिलेलं.

शेजारी रमणकाका उभे होते. लोणखेड्यात त्यांची केळीची बाग आहे. मला म्हणाले, "पोऱ्या समुद्रमा शे, अन् तू आठे बोंबली ऱ्हायनी. काय फायदा, माय?"

त्यांचा योगेश एका मालवाहू जहाजावर खलाशी. मालकाने जहाज परदेशातल्या एका बंदराबाहेर उभं केलं आणि फोन घेणं सोडलं. डिझेल संपत आलेलं, पिण्याच्या पाण्यात गंज. जहाजवाले याला 'अबॅन्डन' म्हणतात. मी याला माणसं टाकून पळणं म्हणते. शहाद्यातली आमची छोटी संघटना बाहेरगावी कामाला गेलेल्यांसाठी भांडते. तोवर ऊसतोड झाली, सुरतेचे कारखाने झाले. जहाज पहिलंच.

शोधताना कळलं, त्या समुद्राच्या काठावरच्या देशांची मिळून एक संस्था आहे. सदस्य देशाच्या बंदरात आलेलं जहाज तपासायचं, राहण्यालायक नसेल तर अडकवायचं, हे तिचं काम. याला 'डिटेन्शन' म्हणतात. एका बंदराने अडवलं की बाकीच्यांना स्क्रीनवर दिसतं. मग मालकाला शेजारच्या देशात निसटता येत नाही.

मी त्यांना घणाघाती ईमेल ठोकला. संस्थेच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला.

"तुमचा राग पोचला. जहाज बंदराच्या हद्दीत आहे का?"

"नाही. बाहेर."

"मग आमचा इन्स्पेक्टर चढू शकत नाही. असे मालक म्हणूनच बाहेर ठेवतात."

"म्हणजे माणसं मरू द्यायची?"

"कॅप्टनला सांगा, पाण्यासाठी आत यायची परवानगी मागा. टग, म्हणजे जहाज ओढणारी बोट, आत आणेल. पुढचं आम्ही बघतो. तक्रार कोणी केली हे मालकाला कळवत नाही."

एवढं सोपं! पण कॅप्टन तयार होईना. केरळचा माणूस, योगेशइतकाच अडकलेला. मालकाच्या एजंटने त्याला दम दिला होता, बंदरात गेलास तर पुन्हा जहाज मिळणार नाही.

रमणकाकांच्या ओट्यावरून आम्ही व्हिडिओ कॉल लावला. मी हिंदीत भाषणच सुरू केलं. शोषण, एकजूट, सगळं.

"मॅडम," कॅप्टन म्हणाला, "नौकरी मेरी जाएगी, आपकी नहीं."

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, मैं योगेश का बाप. आपको बालबच्चा?"

"एक लडकी है."

"उसको मालूम, आप कैसा पानी पीते?"

"नहीं."

"मेरेको मालूम है. योगेशने दिखाया. तबसे खाना नहीं उतरता. उसको मत बताओ, साहेब. पानी मांग लो."

कॅप्टनने फोन बाजूच्या खलाशाकडे दिला. त्याला म्हणाला, "योगेश को दो फोन." आणि कॉल कापला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने रेडिओवर पाणी मागितलं. टग आला, जहाज धक्क्याला लागलं, इन्स्पेक्टर चढला. त्याने नळ सोडून पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं आणि जहाज अडकवलं. मालक पळाला तर खलाशांना घरी पोचवण्यासाठी जहाजाचा विमा असतो. त्यातून तिकिटं निघाली.

योगेश शहाद्याच्या स्टँडवर उतरला. काका त्याच्या दंडाला धरून म्हणाले, "कितला सुकी गया रे तू." बॅग मी उचलली.

कॅप्टन आला नाही. अडकवलेलं जहाज रिकामं सोडता येत नाही, कोणीतरी जबाबदार माणूस लागतो. त्याच्या बदलीचा माणूस अजून सापडलेला नाही. आता त्याला स्वच्छ पाणी मिळतं, फोनही लागतो. संस्थेच्या बाई त्याच्यासाठी धडपडतायत, हे खरंच आहे. पण इतक्या देशांनी मिळून केलेला नियम जहाजाला धरतो आणि जहाजाबरोबर पाणी मागायचं शहाणपण दाखवणाऱ्या माणसालाही धरून ठेवतो. नियम लिहिणाऱ्यांनी हे पाहायला हवं होतं. तसं मी त्यांना कळवलं आहे, या वेळी दोनच ओळींत.