एक मूठ युरिया

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही, आणि आता ती ऐकायला उरलेली नाही. बोलावंसं वाटलं नाही असं नव्हे. कितीदा तोंड उघडलं — आणि दर वेळी दुसरंच काहीतरी बोलून बसलो. उन्हाबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, संत्र्यांच्या भावाबद्दल. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतं. बघतो.

मी एक मासिक चालवायचो. 'कुंडी' त्याचं नाव. फुलझाडांचं, त्यातही गुलाबाचं जास्त. नागपूरच्या उन्हात गुलाब जगवायचा म्हणजे एक हट्टच, आणि असे हट्टी लोक तेव्हा गावात पुष्कळ होते — वकील, डॉक्टर, रेल्वेतले, मास्तर. बेसा गावाहून शेणखताची बैलबंडी आली की आमच्यात त्यावरून रुसवेफुगवे व्हायचे. सरकारी कचेरीतली नोकरी सांभाळून मी धंतोलीतल्या घराच्या पुढच्या खोलीत अंक जुळवायचो. लिहिणं माझं, प्रूफं माझी. पत्ते चिकटवायचं काम इंदूचं, म्हणजे माझ्या बायकोचं. लोक मला 'कुंडीवाले' म्हणायचे. आडनाव मागेच पडलं. मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे मात्र मला फार उशिरा समजलं.

नोकरीतून निवृत्त झालो आणि त्याच थंडीत छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, धावपळ बंद. मग अंक कोणाला द्यायचा? मला मूलबाळ नाही. मी सुमनचं नाव घेतलं.

सुमन मूळची खापा गावची, शेतकऱ्याची मुलगी. इथे मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं. महाल भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची आणि गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत असे गुलाब फुलवायची की बंगलेवाले पाहायला जायचे. अंकात ती अधूनमधून लिहायची. मला काका म्हणायची, इंदूला काकू. तिनं एकदा मला सरळ विचारलं होतं, "काका, शाळा सोडू काय? दोन्ही जमन नाही मले." मी म्हणालो, सोड. दोन डगरींवर पाय ठेवून अंक निघत नसतो. तिनं राजीनामा दिला. माझ्या शब्दावर दिला — हे आधीच सांगून ठेवतो.

एका वकील मित्राच्या बागेत छोटासा समारंभ झाला. 'कुंडी' आता सुमनची, असं मी म्हणालो, तेव्हा ती रडली आणि वाकून पाया पडली. एका बाईच्या हाती अंक दिला म्हणून लोकांनी माझी वाहवा केली. तीही मी घेतली. खरं सांगू? त्या दिवशी मला वाटत होतं, वर्षभरात ही मंडळी म्हणतील, कुंडीवाल्यांची सर नाही आली.

पण तसं झालं नाही.

तिनं 'पहिली कुंडी' नावाचं सदर सुरू केलं. ज्यांच्याकडे बाग नाही, नुसती गॅलरी आहे, क्वार्टरच्या मागची हातभर जागा आहे, त्यांच्यासाठी. अगदी साधं लिहायची. किती पाणी, केव्हा कापायचं, माती कशी कालवायची. आम्ही जुने लोक अंकात एकमेकांशी वाद घालायचो. तिनं ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांचा हात धरला. अंक वाढला. आमच्या गुलाबवाल्यांच्या रविवारच्या बैठकीत तो वकील मित्रच म्हणाला, "कुंडीवाले, आता अंकात जीव आला गा!" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन चष्मा लावला आणि नवा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. चूक शोधत होतो. सापडली नाही.

मग एक दिवस सीताबर्डीवर बियाण्यांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरचा माणूस नवीन होता. मी सवयीनं म्हणालो, मी कुंडीवाला. तो माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "कुंडीवाल्या तर बाई आहे ना जी?"

एवढंच. ह्यात कोणाचा काय गुन्हा होता? पण रिक्षात बसून घरी येईस्तोवर माझे कान तापलेले होते.

आता त्या पानाकडे येतो. आलंच पाहिजे.

दिवाळी होऊन गेली होती, गुलाबाची छाटणी झाली होती, कळ्या धरायचे दिवस. सुमन सकाळी घाईघाईनं आली, हातात शेवटच्या पानांची प्रूफं. "काका, मले खाप्याले जा लागते. बाबाची तब्येत लय बिघडली. बाकीचं सगळं पाहून झालं, हे 'पहिली कुंडी'चं पान तेवढं राहिलं. प्रेसवाला थांबून राहिला. तुम्ही पाहून द्या ना." इंदूनं तिला चहा घे म्हटलं, तेवढीही ती थांबली नाही. फाटकातून वळून म्हणाली, "तुम्ही पाहिलं म्हंजे झालं."

मी टेबलाशी बसलो. लाल शाई काढली. सुमननं लिहिलं होतं की कळ्या धरण्याआधी दर कुंडीला एक चिमूट युरिया पाण्यात विरघळवून घालावा. ती नेहमी चिमूटच सांगायची, मलाही ठाऊक होतं. पण छपाईचे खिळे जुळवताना 'चि' गळला असावा, आणि उरलेलं 'मूट' प्रेसमधल्या कोणीतरी आपल्या अकलेनं सुधारलं असावं. पानावर छापलं होतं — दर कुंडीला एक मूठ युरिया.

मूठभर युरिया कुंडीतल्या गुलाबाला काय करतो, हे तुम्ही झाडं लावत नसाल तर सांगतो. मुळं जळतात. आठवड्याभरात पानांच्या कडा करपतात, मग कळ्या माना टाकतात, मग झाड जातं.

मला दिसलं. स्वच्छ दिसलं. त्याच ओळीच्या वर एक अनुस्वार राहिला होता, तो मी दिला. खाली एक वेलांटी चुकली होती, ती सुधारली. आणि त्या शब्दावर लेखणी धरून बसलो. किती वेळ? ठाऊक नाही. विसरलो असतो, घाईत नजर सरकली असती, तर आज हे सांगायची गरज नव्हती. तसं झालं नाही. माझ्या मनात काय होतं? राग नव्हता. एक गोडवा होता. गुळाचा खडा जिभेवर ठेवावा तसा. लोक हसतील, जुनी माणसं म्हणतील, कुंडीवाल्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं — बस, एवढंच मला हवं होतं. कोणाची झाडं जातील हा विचार आला नाही? आला. तरीही मी पानाच्या कोपऱ्यात 'छापावे' लिहून सही केली, आणि प्रेसच्या माणसाच्या हाती ते पान दिलं.

अंक निघाला. मला हवं होतं ते झालंही. जुनी माणसं हसली. त्यांच्यापैकी कोणी युरिया घातला नाही, त्यांना कळत होतं. "बाईनं तर मुठीनं युरिया टाकाले सांगितला," असं म्हणून रविवारी टाळ्या दिल्या एकमेकांना. मी टाळी दिली नाही. नुसता हसलो. ते बरं की वाईट?

ज्यांना कळत नव्हतं, त्यांनी घातला. तिनं हात धरून आणलेल्या लोकांनी.

सुमन खाप्याहून परतली, त्यानंतर थोड्या दिवसांनी मी तिच्याकडे बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधला एक माणूस कुंडी छातीशी धरून वर आला. सायकलवर मागे बांधून आणली होती. झाड उभं होतं, पण रंग भाजक्या तंबाखूचा. शेंड्याला कळी होती, काळी पडलेली. तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाला, "बाई, तुम्ही सांगतलं तेवढाच टाकला जी. एक मूठ. पोरीचं झाड आहे. तिनं वर्षभर सांभाळलं. वाचते काय पाहा ना."

सुमनला काही समजेना. तिनं अंक काढला, ती ओळ वाचली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिनं अंक मिटला, जमिनीवर बसली, कुंडी आडवी केली, माती हातानं मोकळी केली आणि मुळं बादलीतल्या पाण्यात धुऊ लागली. धुता धुता मुळं तिच्या बोटांत तुटून येत होती. तो माणूस उकिडवा बसून पाहत होता. मग ती म्हणाली, "नाही वाचत, दादा. माझी चूक झाली." तो म्हणाला, "छपाईवाल्याची असन, बाई." ती म्हणाली, "नाही. माझीच. शेवटी मीच पाहतो सगळं." गच्चीवरचा एक फुललेला गुलाब तिनं त्याला डब्यासकट दिला. त्यानं तो घेतला आणि जिना उतरला.

मी खुर्चीवर होतो. त्याच खोलीत.

तो गेल्यावर ती हात धुऊन माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता विचारेल. मी तयार होतो — काय सांगायला तयार होतो, देव जाणे. ती हळूच म्हणाली, "काका, डोळ्याले त्रास होते काय तुमच्या? मले सांगायचं ना. मी कशाले देतो मग तुम्हाले प्रूफ?"

तेव्हा सांगता आलं असतं. नाही का? एक शब्द पुरे होता. आणि मी काय केलं? तिथे पडलेला तो अंक उचलला, नाकाशी नेला, डोळे बारीक केले, आणि म्हणालो, "काही दिवसांपासून अक्षरं नाचतात गं."

माझे डोळे उत्तम होते.

पुढच्या अंकात तिनं पहिल्याच पानावर माफी मागितली. चूक संपूर्ण माझी, असं लिहिलं. माझं नाव कुठे येऊ दिलं नाही. लोकांनी विचारलं, प्रूफ कोणी पाहिलं होतं? ती म्हणायची, मी. एका म्हाताऱ्या माणसाची लाज तिनं अशी झाकली — डोळे गेल्याची लाज, जी मुळात खरीच नव्हती. नवे वाचक तुटले. पत्रं आली, त्यांतली काही फार वाईट होती. बाईमाणसानं चूल सांभाळावी असलीही. रोपवाटिकांनी जाहिराती बंद केल्या. पुढच्या पावसाळ्याआधी 'कुंडी' बंद पडली. शाळेतली तिची जागा केव्हाच भरली होती. मग ती कुठे तीन महिने, कुठे सहा महिने, अशा बदलीच्या नोकऱ्या करत राहिली.

आणि रविवारी माझ्याकडे येत राहिली. मला वाचून दाखवायला.

हो. दर रविवारी. वर्तमानपत्र, दिवाळी अंक, कोणाची आलेली पत्रं. मी आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायचो. ती यायच्या आधी चष्मा टेबलाच्या खणात ठेवायचा, तिनं हातात कप दिला तर किंचित चाचपडायचं — हे सगळं मी शिकलो. तिचा आवाज छान होता. बातमीत एखादी छापील चूक आली की ती थांबायची, आणि चूक नीट करून पुढे वाचायची. कधी त्यावर बोलली नाही.

एकदा ती गेल्यावर इंदू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी खणातून चष्मा काढून तेच वर्तमानपत्र पुन्हा वाचत होतो. ती म्हणाली, "तुमचे डोळे रविवारीच बिघडतात काहून?" मी वर पाहिलं नाही. ती आत गेली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. पण त्यानंतर सुमन वाचायला बसली की इंदू त्या खोलीत बसायची नाही. मागे जाऊन भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. तिनं किती ओळखलं होतं? इंदू वारली तेव्हा हे विचारायचं राहून गेलं, असं लोकांना मी म्हणू शकतो. पण राहून गेलं नव्हतं. मी विचारलंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात सुमन शेवटची आली. तिचे वडील वारले होते, शेत पाहायला कोणी नव्हतं. ती कायमची खाप्याला चालली होती. केस बरेच पांढरे झाले होते तिचे. आता रविवारी यायला जमणार नाही, याची तिला माझ्यापेक्षा जास्त रुखरुख. पिशवीतून तिनं एक भिंग काढलं. मोठं, दांड्याचं, चांगल्या काचेचं. महाग असणार. "काका, आता कोणी वाचून दाखवाले नाही राहणार तुमच्यापाशी. हे धरून पाहा. जमते काय?" असं म्हणून तिनं वर्तमानपत्र माझ्या मांडीवर उघडून ठेवलं.

घरात आम्ही दोघंच होतो. ती समोर वेताच्या मोड्यावर बसली होती, पुढे वाकून, माझ्या तोंडाकडे पाहत. त्याहून योग्य वेळ कोणाला मिळते?

मी भिंग ओळीवर धरलं, थोडं वर, थोडं खाली केलं. एक बातमी मोठ्यानं वाचली — मुद्दाम अडखळत. आणि म्हणालो, "आता दिसतं गं, सुमन. चांगलं दिसतं."

तिला इतका आनंद झाला की तिनं माझे दोन्ही हात धरले. मग वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली आणि बस गाठायला निघाली. फाटकापर्यंत मी तिला सोडायला गेलो. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मला नीट दिसत होती. मी हाक मारली नाही.