गुरुवारची डबल बेल

मार्गासनीच्या फुलाबाईनं आयुष्यात चार पोरं वाढवली आणि सहा म्हशी. पद्धत एकच. वेळेवर खायला घालायचं, सावलीत बांधायचं आणि आपल्या कामाला लागायचं. बांधायचं म्हणजे खरोखर बांधायचं. भाताच्या लावणीला पोराच्या कमरेला जुन्या लुगड्याची धांदोटी, दुसरं टोक बांधावरच्या आंब्याला, आणि आई चिखलात. चारही पोरं धडधाकट निघाली. म्हशीही.

त्यामुळं धाकट्या जावयाचं वागणं तिच्या पचनी पडत नव्हतं.

हा जावई भोरजवळच्या उत्रोलीचा हनुमंत. बायको नूतन शिरवळला कंपनीत पहिल्या पाळीला जायची. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. भाताची झोडणी उरकून हनुमंत मोकळा होता. म्हणून दोन वर्षांचा स्वरूप दिवसभर बापाच्या खांद्यावर.

"बापय माणूस पोर सांभाळतो व्हय?" फुलाबाई लेकीला फोनवर विचारायची. "त्येला काय कळतंय? पोरगं हिकडं आणून सोडा."

महिनाभर हेच चाललं. शेवटी ठरलं. बालवाडीत जाईपर्यंत स्वरूप आजीकडं राहणार. गुरुवारी हनुमंत त्याला चारच्या गाडीनं मार्गासनीला आणून सोडणार. नूतन त्यावर काहीच बोलली नाही. फुलाबाईनं त्याचा अर्थ 'बरं' असा लावला.

गुरुवार उजाडला आणि फुलाबाईला नवीनच घोर लागला. हा बाबा येष्टीच्या गर्दीत पोर सांडणार. त्यापेक्षा आपणच जाऊन घेऊन यावं. तिनं म्हशीची धार काढली. नवऱ्याला, गेनबाला, भाकरी कुठं झाकलीय ते तीनदा सांगितलं. पहिली गाडी पकडली, मध्ये एक बदलली आणि नऊच्या ठोक्याला भोर स्टँडवर उतरली.

तर समोर जावई.

गाडी चारची. वाजले होते नऊ. आणि हनुमंत दुसऱ्या बाकावर मांडी घालून बसलेला, शेजारी स्वरूप तसाच मांडी घालून. पायाशी कपड्यांची पिशवी.

चारचौघांत डोक्यावरून पदर घ्यायची फुलाबाईला लग्नापासूनची सवय. आज तिनं तोच पदर नाकापर्यंत ओढला आणि खांबाआड उभी राहिली. बघू तरी, हा काय दिवे लावतोय.

एक गाडी मागं येत फलाटाला लागली.

"काय आलं?" हनुमंतानं विचारलं.

"येती!" स्वरूप किंचाळला. म्हणजे येष्टी.

गाडी भरली. कंडक्टरनं दोरी ओढली. टिंग टिंग. गाडी गेली.

"एक टिंग म्हंजी?"

"थांब!"

"दोन टिंग म्हंजी?"

"भूऽऽर!"

बापलेकांनी एकमेकांना टाळी दिली. दुसरी गाडी आली. पुन्हा तेच. तिसरी आली. फुलाबाईनं अकरा गाड्या मोजल्या. दोघं एकाही गाडीत बसले नाहीत. गाडीत बसायचं नाही तर स्टँडवर यायचं कशाला, हे तिला उलगडेना. तिच्या जन्मात ती बाजाराला गेली होती, दवाखान्यात गेली होती, जत्रेला नवस फेडायला गेली होती. नुसतीच कुठं गेली नव्हती.

मग दोघं उठले. फुलाबाईही मागं निघाली.

बाजारपेठेच्या मागं गटारासाठी रस्ता खोदत होते. पिवळा जेसीबी माती उपसत होता. हनुमंत पोराला खांद्यावर घेऊन दोरीबाहेर उभा राहिला. चालवणाऱ्यानं वरून हात केला. "आला का सायेब? मी म्हनलं, आज सुपरवायझर कुठं गेला!"

स्वरूपनं वर्दीतल्या माणसासारखी मान हलवली. जेसीबीचा हात खाली गेला की पोराचा हात खाली. वर आला की वर. माती धबाककन पडली की दोघंही "ओ हो हो!"

फुलाबाई विजेच्या खांबामागं होती. खांब बारीक होता. ती नव्हती. एका भाजीवालीनं टोपलीवरून बघत विचारलं, "आक्का, काय हुडकताय?"

"जावई."

"घावला का?"

"समोरच हाय. म्हनून तर लपलेय."

भाजीवालीनं जागा करून दिली. तिथून अजून स्वच्छ दिसत होतं. अर्ध्या तासानं फुलाबाईच्या लक्षात आलं. माती पडली की आपल्याही तोंडातून "ओ हो हो" निघतंय.

बारा वाजता बापलेक कुंडलिकच्या भाताच्या गिरणीत शिरले. आत यंत्र घुमत होतं, मागच्या अंगणात तुसाचा ढीग पडला होता. पुरुषभर उंच, सोन्यासारखा. हनुमंतानं पोराला वर बसवलं आणि सोडलं. स्वरूप घसरत खाली आला. नाकात तूस, कानात तूस.

"अदून!" म्हणजे अजून एकदा.

कुंपणाबाहेर फुलाबाईनं कपाळावर हात मारला. पोर खाजवून खाजवून मरंल आता! पण हनुमंतानं पोराला झटकलं, ओल्या फडक्यानं मानेपासून पायापर्यंत पुसलं, कोरडा सदरा घातला. डबा उघडला. मऊ भात, वर तूप. घास भरवताना तो स्वतः आ करत होता. नंतर पोत्यांच्या थप्पीवर पोराला मांडीवर घेतलं. यंत्राच्या घुमण्यानं पोर पाच मिनिटांत झोपलं. हनुमंताचा हात डोक्याखाली अडकला. त्यानं तासभर तो हलवला नाही. दुसऱ्या हातानं माश्या वारत राहिला.

फुलाबाई बघत राहिली. तिनं आपली पोरं झोपवली होती. झोपलेल्या पोराकडं बघत बसायला तिला कधी फुरसत झाली नव्हती.

तीन वाजता दोघं स्टँडकडं निघाले. फुलाबाईनं चार पावलं टाकली आणि ती थांबली. अंगण रिकामं होतं. ढीग उन्हात होता. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. चपला काढल्या, लुगडं सावरलं आणि चढली.

घसरण दोन क्षणांची. पण चोपन्न वर्षांत असं पोटात काही झालं नव्हतं. खाली तुसात बसून ती फिदीफिदी हसली. मग म्हणाली, "आनी एकदा."

दुसऱ्या खेपेला खाली कुंडलिक उभा होता.

"मावशी, भात भरडायचंय का?"

"न्हाई," पदर ओढत फुलाबाई म्हणाली. "चवकशी कराया आल्ते."

"कशाची?"

"झाली."

चारच्या गाडीला खच्चून गर्दी होती. फुलाबाई मागच्या दारानं चढून कोपऱ्यात बसली. पुढं दोन बाकं सोडून हनुमंत. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, "कुठं निगाली बापलेक?"

"मार्गासनीला. आज्जीकडं. ऱ्हायला."

"दोघंबी?"

"न्हाई. ह्यो एकटाच." हनुमंतानं पोराच्या केसातलं तूस काढलं. "म्हनून आज सकाळपास्नं त्याच्या आवडीचं समदं करून आलो. येष्ट्या, जेसीबी, गिरणी. परत कवा घावतोय."

तो हसतच बोलला. पण पिशवीची गाठ त्यानं सोडली आणि पुन्हा बांधली. मघाशीही बांधली होती. फुलाबाई खिडकीबाहेर बघू लागली. पोर तिला मिळणार होतं. महिनाभर ती ह्यासाठीच भांडली होती. मग आनंद कुठं तडमडला होता कुणास ठाऊक.

नसरापूरला गाडी थांबली. एक म्हातारी चढली. हनुमंतानं तिला जागा दिली आणि पोराला खांद्यावर घेऊन उभा राहिला. एका शेतकऱ्याचं पोतं मागच्या डिकीत होतं. कंडक्टर अश्विनी, पोरसवदा पण आवाजानं फौजदार, ते काढून द्यायला खाली उतरली.

आणि स्वरूपच्या नाकासमोर दोरी आली.

दिवसभर ज्या दोरीची तालीम झाली होती, तीच.

टिंग. टिंग.

"भूऽऽर!" स्वरूप म्हणाला.

आणि गाडी खरंच निघाली.

"आवो थांबवा! कंडक्टर खाली ऱ्हायली!" मागून कुणी ओरडलं. इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हर गोरखला काही ऐकू गेलं नाही. गाडीत जी हसण्याची लाट उठली तीत उरलंसुरलं बुडालं. मागच्या काचेतून अश्विनी पळताना दिसत होती. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात पोत्याची दोरी. पोतंही मागं येत होतं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. शेवटी म्हातारीनं काठीनं केबिनची जाळी वाजवली तेव्हा गोरखनं ब्रेक मारला.

"मला काय म्हाईत?" तो वळून म्हणाला. "डबल आली की गाडी हलवायची. नोकरीच ती हाय."

पाच मिनिटांत दुधाचा टेम्पो शेजारी येऊन थांबला. किटल्यांमधून अश्विनी उतरली. पायरीवर चढली. 

"डबल कुणी मारली?"

स्वरूपनं बापाच्या केसात तोंड लपवलं. हनुमंतानं घसा खाकरला. "म्याडम, चूक आमची..."

फुलाबाईला फक्त गप्प बसायचं होतं. भर गाडीत, पन्नास साक्षीदारांसमोर जावई म्हणणार होता की त्याचं लक्ष नव्हतं. नूतनलाही मग बोलायला जागा उरली नसती. विषय कायमचा मिटला असता.

ती उठली. पदर मागं सारला.

"म्या मारली."

"मामी?" हनुमंताचं तोंड उघडंच राहिलं. "तुमी? हितं?"

"आज्जी!" स्वरूप ओरडला. "टिंग टिंग!"

"बगा, पोरगंबी सांगतंय," फुलाबाई म्हणाली.

अश्विनी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. कोपऱ्यापासून दोरी चांगली दोन हात लांब होती. "आक्का, तुमी का मारली बेल?"

"म्हशीच्या धारंचा टाइम झालाय. तुमी पोती काडत बसल्या."

"आनी म्या चालत यायचं व्हय?"

"तरनीताठी हायेस की गं बाय. पळायला काय झालं?"

गाडी पुन्हा फुटली. अश्विनीनं ओठ दाबून धरले, पण हसू नाकातून निसटलं. तिनं दोरी स्वतः ओढली, दोनदा, आणि स्वरूपकडं बोट रोखलं. "तुमची बदली करते, थांबा, कंडक्टर सायेब."

मार्गासनीला तिघं उतरले. संध्याकाळ झाली होती. हनुमंतानं पिशवी पुढं केली. फुलाबाईनं ती घेतली, गाठ सोडली, वरचं एक स्वेटर काढून पोराच्या अंगात घातलं आणि पिशवी परत त्याच्या हातात दिली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. आज वस्ती करा. सकाळच्या गाडीनं दोघंबी जावा."

"पण मामी, ठरलंय..."

"ठरवलं म्याच हुतं न्हवं? मोडतेबी म्याच." ती तरातरा पुढं चालू लागली. मग थांबली. "येत्या गुरुवारी नऊला येते स्टँडवर. दुसरं बाक धरून ठेवा. आनी भात जास्तीचा आना, सकाळपास्नं पोटात कावळं वरडत्यात."

पोराला खांद्यावर घेऊन हनुमंत तिच्या मागं आला. तो तिच्या पाठीकडं बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं.

"मामी, पाटीला समदं तूस लागलंय."

"वारं हुतं."

"गिरणीत?"

"चला गुमान, पाव्हणं. म्हस धारंला तटलीया."

स्वरूपनं खांद्यावरून हात लांब केला. फुलाबाईच्या अंबाड्यात खोचलेलं तुसाचं टरफल उचललं आणि डोळ्यांसमोर धरलं.

"आज्जी," तो म्हणाला. "अदून?"