वाघ सरांच्या लेकीची होडी

स्टाफरूममध्ये चहा कधी उरत न्हाई, किस्से मात्र उरतात! आमच्याकडचे तर सगळे एकाच गोष्टीवरून साठले. गणिताच्या वाघ सरांची मयूरी शिडाच्या होडीतून एकटीच जगाची फेरी मारायला निघाली. आन् आम्ही राहतो भोकरदनला!

*

भूगोलाचे पठाण सर म्हणाले, "वाघ, आपल्या केळणा नदीत घोट्याएवढं पाणी न्हाई. पोरगी पोहायला शिकली कुठं?"

"मळ्यातल्या विहिरीत. पाठीला वाळका भोपळा बांधून."

"मंग भोपळा दिला का संगं?"

"मागत होती," वाघ सर गंभीरपणे म्हणाले. "होडीत जागा न्हाई!"

*

मोबाइलवर मयूरीची होडी म्हणजे निळ्यावर एक लाल ठिपका. मधल्या सुट्टीत डबे उघडे टाकून आम्ही तोच बघत बसायचो.

एकदा ठिपका हलेचना. वारं पडलं होतं. सर घाबरले. त्यांचे वडील, जन्मभर मेंढरांमागं फिरलेले आबा, शाळेत आल्ते. म्हणाले, "वारं पडलं तर बसायचं. खळ्यावर उफणताना आपण न्हाई का सूप धरून बसत?"

त्या दुपारी शाळेतला लिंबही हलत नव्हता. वाटलं, आपणसुद्धा तिच्याच होडीत बसलोय. तास कुणी घेतले, देव जाणे!

*

कधीमधी तिचा फोन यायचा, मिनिटभराचा. काय बोलायचं ते तिची आई, सुशीलावहिनी, दिवसभर ठरवायच्या आन् ऐनवेळी विसरायच्या. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं. एकदा आम्हा सगळ्यांसमोर, चोहीकडं समुद्र असलेल्या लेकीला त्या ओरडून म्हणाल्या, "पाणी जपून वापर गं!"

आम्ही हसून लोटपोट.

तिकडून आवाज आला, "आई, तेच करून राह्यले. प्यायचं संपत आलंय."

आमचं हसू बंद.

*

मंग वादळ आलं आन् ठिपकाच गेला. सरांचा जीव टांगणीला. रोज वर्गात यायचे, फळ्यावर तेच गणित मांडायचे. दहावीची द्वाड पोरं, पण गुपचूप तेच पुन्हा सोडवायची.

एका सकाळी पठाण सर मोबाइल उंच धरून पळत आले. "वाघ! ठिपका!"

सर खडूसकट खालीच बसले. एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, उत्तर काय लिहू?"

"काहीबी लिही गं, आज सगळं बराबर!"

*

ती परतली त्या दिवशी आम्ही जीप करून बंदरावर. पाणी आन् आभाळ एकच झाल्तं. त्यातून पांढरं शीड हळूहळू मोठं होत राह्यलं. मला तर पापणी लवायची भीती वाटत होती, न जाणो, ठिपक्यावाणी तेबी जायचं!

मयूरी धक्क्यावर उतरली, वाळलेली, करपलेली. वहिनींनी भाकरतुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, छातीशी धरलं. सर नुसतेच रडत होते.

मंग वहिनींनी फडक्यातून दुसरा तुकडा काढला.

"आता कुणाला?" सर म्हणाले.

वहिनी थेट होडीपाशी गेल्या. मिठानं पांढऱ्या पडलेल्या तिच्या अंगावरून तुकडा ओवाळला, पुढच्या टोकाला पाणी लावलं आन् तिला थोपटत म्हणाल्या,

"दमलीस ना, माय?"